पळसाला पाने तीनच. पण पाहिली कोणी?

'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण वर्गात, कट्ट्यावर सर्रास वापरतो. पण ती पाने हातात घेऊन पाहिलेले आपल्यात किती निघतील? पाहिली असती तर कळले असते, की ती तीन पाने नव्हेत, एकाच पानाची तीन दले आहेत!

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला झाडाझुडपांशी काय करायचे, असे कुणी म्हणेल. मला उलट वाटते. वसंतावर निबंध लिहिताना आपण कोकिळा, आम्रमंजिरी आणि भुंगा यांची नावे घेऊन मोकळे होतो. एखाद्या सकाळी मोहोरलेल्या आंब्याखाली पाच मिनिटे उभे राहा. तेथे भुंग्यापेक्षा माश्याच अधिक दिसतील. परागीभवनाचे पुष्कळसे काम त्याच करतात. पळसाच्या किंवा बोरीच्या फांदीवर खरखरीत लेप दिसला, तर तो बहुधा लाखेच्या किड्यांचा. त्यांच्या अंगातून स्रवणाऱ्या राळेचीच लाख होते, आणि लाखेच्या बांगड्या.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझी आई शाळेत गेलेली नाही. पण पत्रावळीला पळसाचे कोणते पान घ्यावे, मोहाची फुले वेचायला पहाटेच का जावे, हे ती सांगू शकते. चार पुस्तके वाचली की अशा जाणतेपणाला आपण अडाणीपणा समजू लागतो. शिक्षणाने आपले याहून मोठे नुकसान दुसरे कोणते करावे?

दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. ते ग्रंथालयातून जरूर आणावे. पण वाचून झाल्यावर बाहेरही पडावे. माझी सूचना साधी आहे. दरवर्षी पाडव्याआधी एका सकाळी प्राध्यापक व विद्यार्थी यांनी मिळून जवळच्या टेकडीवर जावे. सोबत गावातली एखादी जाणती आजी किंवा गुराखी असावा. त्यांनी सांगितलेली नावे भित्तिपत्रकावर लिहावीत. यास अनुदान लागत नाही.

याच दिवसांत डोंगरउतारावरच्या वाळल्या गवताला आगी लावल्या जातात. त्यात कोवळी रोपे जळतात, किड्यांची अंडी जळतात. आपण खिडकीतून धूर पाहतो आणि पुन्हा नोट्स उतरवू लागतो. ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी आग विझवायला कोण धावणार?