घरचें आरोग्य : घसा बरा झाला, पुढें काय?

गेल्या माघांत औंढा नागनाथाच्या दर्शनास गेलों असतां परतीच्या वाटेवर वसमत येथें एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं आमचा दोन दिवस मुक्काम घडला. हळदीचे दिवस होते. शिजवलेलीं हळकुंडें जिकडेतिकडे वाळत पडलीं होतीं. घर भरलेलें : आजी-आजोबा, तीन भाऊ, सुना आणि सात-आठ मुलें. त्यांतली नऊ वर्षांची एक नात मात्र पाय धरून कोपऱ्यांत बसलेली दिसली. चौकशी करतां आजी म्हणाल्या, "वाढत्या वयाचें दुखणें आहे. परवां उजवा गुडघा सुजला होता, तो उतरला. आज डावा घोटा धरला आहे. तेल चोळतें आहें." अधिक विचारतां कळलें कीं, तीन आठवड्यांपूर्वीं तिचा घसा फार दुखत होता व तापहि आला होता, हळदीचें दूध आणि मिठाच्या गुळण्या यांनीं चार दिवसांत आराम पडला. आतां माडी चढतांना तिला दम लागतो, हें तिच्या आईनें हळूंच सांगितलें.

हीं लक्षणें एका ओळींत मांडल्यावर आम्हांस स्वस्थ बसवेना. दुसऱ्याच दिवशीं मुलीस नांदेडास डॉक्टरांकडे नेण्यांत आलें. तिला 'ऱ्हुमॅटिक फीव्हर', म्हणजे सांध्यांचा ताप, झाला असून हृदयाची एक झडप नीट मिटत नाहीं, असें निदान झालें.

घशाचा आणि हृदयाचा संबंध काय, असा प्रश्न त्या घरांत प्रत्येकानें विचारला. तो आमच्या वाचकांच्या घरींहि विचारला जाईल, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों. घसा बहुतेक वेळां सर्दीपडशानेंच दुखतो; नाक वाहतें, खोकला येतो आणि थोड्या दिवसांत सारें आपोआप निवळतें. परंतु 'स्ट्रेप्टोकोकस' नांवाचा, मण्यांच्या माळेसारखा दिसणारा एक जंतु आहे. त्याच्या एका विशिष्ट जातीनें घसा धरला म्हणजे ताप एकाएकीं चढतो, गिळतांना कळ येते, मानेंतील गांठी दुखऱ्या होतात, टॉन्सिल लाल होऊन त्यांवर पांढरट ठिपके दिसतात, आणि सर्दी-खोकला बहुधा नसतो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत हा प्रकार विशेष आढळतो. या जंतूशीं झगडण्यासाठीं रक्तांत जीं प्रतिकारक द्रव्यें तयार होतात, त्यांची कांहीं थोड्या मुलांच्या बाबतींत फसगत होते. जंतूच्या अंगचीं कांहीं द्रव्यें आणि आपल्या हृदयांतील द्रव्यें यांत साम्य आहे. त्यामुळें पहारेकऱ्यानें अंधारांत चोर समजून घरच्याच माणसावर काठी चालवावी, तसें होतें. याला दोन ते चार आठवडे लागतात. तोंपर्यंत घसा केव्हांच बरा झालेला असतो, आणि म्हणूनच दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

गुडघे, घोटे, कोपरें, मनगटें असे मोठे सांधे एकामागून एक धरतात आणि कांहीं आठवड्यांत मोकळे होतात; मागें व्यंग सहसा राहत नाहीं. हृदयाचें तसें नाहीं. झडपेस पोंचलेली इजा अनेकदां कायमची राहते, आणि ताप उलटला कीं प्रत्येक वेळीं ती वाढते. कांहीं मुलांचे, त्यांतहि मुलींचे, हातपाय कांहीं महिन्यांनंतर आपोआप झटके देऊं लागतात. अक्षर बिघडतें, हातांतलें भांडें पडतें. अशा मुलीस वेंधळी म्हणून रागें भरण्यापूर्वीं डॉक्टरांस दाखवावें.

आतां उपायाकडे वळूं. अमेरिकेंतील वायोमिंग प्रांतांत वॉरेन येथील हवाई दलाच्या तळावर बराकींत दाटीनें राहणाऱ्या सैनिकांत घशाची ही सांथ वारंवार येई. तेथील डॉक्टरांनीं १९५० सालीं दाखवून दिलें कीं, अशा घशावर वेळींच पेनिसिलीन दिलें तर पुढचा सांध्यांचा ताप बहुतांशीं टळतो. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आंत औषध सुरू झालें तरी हें साधतें. गोळ्या दिल्यास त्या पुरे १० दिवस द्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशीं मूल खेळूं लागलें म्हणून थांबवूं नयेत. हें औषध आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्यें १९५५ सालापासून तयार होऊं लागलें. मात्र प्रत्येक पडशावर तें घरच्या घरीं देणें चूक. घसा पाहून, जरूर तर त्यांतील स्राव तपासून, डॉक्टरांनींच तें ठरवावें. हळदीच्या दुधास आमचा विरोध नाहीं. त्यानें घशास ऊब मिळते, मुलास बरें वाटतें. पण या जंतूचा नायनाट त्याच्यानें होत नाहीं. बराकीप्रमाणेंच भरल्या घरांतहि मुलें एकाच खोलींत शेजारीं शेजारीं निजतात, तेव्हां एकाचा घसा धरला तर इतरांचेहि पाहावेत.

ज्यास एकदां हा ताप येऊन गेला, त्यास दर २१ ते २८ दिवसांनीं लांब मुदतीच्या पेनिसिलीनचें इंजेक्शन घ्यावें लागतें. हृदय निर्दोष राहिलें असल्यास निदान ५ वर्षें व बहुधा एकविशीपर्यंत. हृदयास सूज येऊन गेली असल्यास निदान १० वर्षें. आणि झडपेंत दोष उरला असल्यास पुष्कळदां चाळिशीपर्यंत. पूर्वीं पेनिसिलीन सोसलें नसेल तर तें आधींच सांगावें, आणि इंजेक्शनानंतर अर्धा तास दवाखान्यांतच थांबावें.

हें ऐकून आजींनीं आम्हांस बाजूस बोलावलें. "इतकीं वर्षें सुई म्हटल्यावर मुलीचें लग्न कसें व्हायचें? चार महिने घेऊन बंद केली तर?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें. आम्हीं त्यांस जें सांगितलें तेंच येथें सांगतों. मुलगी धडधाकट दिसते म्हणून इंजेक्शन बंद केलें, तर पुन्हां एखादा घसा, पुन्हां ताप, आणि झडप आणखी निकामी. असा दोष लपून राहिला तर तो बहुधा पहिल्या गरोदरपणांत प्रकट होतो; कारण त्या काळांत रक्त वाढतें आणि हृदयावरचा भार झेपत नाहीं. सासरीं लपवलेलें दुखणें बाळंतपणांत जिवावर बेततें. आधींच सांगितलेल्या दुखण्याची डॉक्टरांस तयारी ठेवतां येते. पेनिसिलीन गरोदरपणींहि चालतें. जें स्थळ सुईच्या नांवानें मागें फिरेल, तें मुलीच्या आजारपणांत पुढें येईल काय?

आजी बराच वेळ बोलल्या नाहींत. संध्याकाळीं त्यांनीं भिंतीवरचें पंचांग खालीं काढलें, आजोबांस दिवस मोजावयास लावले आणि दर एकविसाव्या तारखेवर हळदीचें बोट उमटवलें. वर्षाचीं सतरा बोटें झालीं. तीं चुकूं नयेत ही जबाबदारी थोरल्या काकांनीं घेतली. ज्या घरांत असा ताप येऊन गेला असेल, तेथें हें मोजण्याचें काम एका जाणत्या माणसाकडे आजच सोंपवावें, एवढीच आमची विनंती आहे.