गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं का? बोईसर-पालघरच्या कुटुंबांसाठी हिशेब

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तेव्हापासून बोईसर, पालघर, मनोर भागात घरकर्ज 'ट्रान्सफर' करून देतो म्हणणाऱ्या एजंटांचे फोन वाढले असतील, तर नवल नाही. तारापूर एमआयडीसीत नोकरी करून बोईसरला वन बीएचके घेतलेल्या माणसाला दरमहा हजार-दीड हजार वाचणं ही छोटी गोष्ट नाही. पण फोनवर सांगतात तो हिशेब अर्धाच असतो.

आधी आपलं कर्ज कशाला जोडलेलं आहे ते बघा. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली फ्लोटिंग दराची घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे कपात तीन महिन्यांत पोहोचायला हवी. त्याआधीची बँक कर्जं आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांची कर्जं यांना हा नियम लागू नाही. आपल्याकडे पगाराची स्लिप नसलेल्या, कंत्राटी किंवा छोटा धंदा असलेल्या अनेकांना कंपनीचंच कर्ज मिळालं. खरा फरक तिथे पडू शकतो.

समजा १८ लाख बाकी आहेत, १५ वर्षं उरली आहेत आणि दर ९.५ टक्के आहे. हप्ता साधारण १८,८०० रुपये. ८ टक्क्यांनी मिळालं तर १७,२००. महिन्याला सुमारे १,६०० वाचतात. प्रोसेसिंग फी, वकील, मूल्यांकन, गहाणखताची स्टॅम्प ड्युटी मिळून ३० हजार गेले, तरी १९ महिन्यांत वसूल.

गोम पुढे आहे. नवी बँक मुदत पुन्हा २० वर्षं करून देते. हप्ता १५,००० वर येतो, घरात सगळे खूश. पण एकूण भरणा ३३.८ लाखांवरून ३६.१ लाखांवर जातो. दर कमी होऊनही सव्वादोन लाख जास्त! उलट ८ टक्क्यांवर जुनाच १८,८०० चा हप्ता चालू ठेवला तर कर्ज पावणेतेरा वर्षांत फिटतं आणि पाच लाखांच्या आसपास वाचतात. व्याजात अडकल्याची खंत मनात असलेल्या आपल्या घरांना हाच मार्ग जवळचा वाटेल. देशात इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच स्पष्ट केलं होतं. त्यामुळे ज्यांनी कर्ज घेतलंच आहे, त्यांच्या हातात ते लवकर संपवणं उरतं.

पाच लाखच बाकी असतील आणि चार वर्षं उरली असतील, तर याच दरफरकात जेमतेम १७ हजार वाचतात. खर्च तेवढाच. अशा वेळी धावपळ कशाला?

म्हणून पहिली फेरी आपल्याच शाखेत मारा. "दर कमी करा, नाहीतर कर्ज हलवतो," असा लेखी अर्ज द्या. बऱ्याच ठिकाणी थोडी फी घेऊन दर बदलून मिळतो; ना नवा वकील, ना नवं गहाणखत. फ्लोटिंग दराचं, व्यक्तीच्या नावावरचं घरकर्ज असेल तर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, हेही तिथे ठणकावून सांगा.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. ग्रामपंचायत हद्दीतल्या काही इमारतींचे एनए आदेश, भोगवटा प्रमाणपत्र अपुरे असतात. जुन्या कंपनीने डोळेझाक केली म्हणून नवी बँक करेलच असं नाही, आणि फाइल नाकारली तरी भरलेली फी सहसा परत येत नाही. पैसे भरण्याआधी कागदांच्या झेरॉक्स दाखवून तोंडी का होईना विचारून घ्या. सोबत विमा किंवा टॉप-अप गळ्यात मारत असतील तर तो खर्च वेगळा लिहून मागा.

कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ट्रान्सफरमध्ये मात्र हे कागद बहुधा थेट नव्या बँकेकडे जातात, तेव्हा कोणकोणते कागद गेले त्याची सही-शिक्क्याची यादी घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.