‘साठी’ या शब्दाचा घोळ

‘उंचावरची पानं खाण्यासाठी जिराफाची मान लांब झाली.’ शाळेपासून डॉक्युमेंटरीपर्यंत हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यात काही वावगं वाटत नाही. मला मात्र त्यातला ‘साठी’ खटकतो. जणू कुठेतरी मीटिंग झाली, रिक्वायरमेंट ठरली आणि मग मान बनवायला घेतली!

उत्क्रांतीत अशी मीटिंग होत नाही. पिढीगणिक बारीकसारीक फरक पडत राहतात, ते कुणाच्या उपयोगी पडतील की नाही याचा काहीही विचार न करता. त्यातले ज्यांना त्या परिस्थितीत फायदा होतो त्यांची पिल्लं जास्त जगतात. बस्स. डार्विनने १८५९ साली मांडलेल्या कल्पनेतलं खरं धाडस हेच.

हेतू नव्हता हे कशावरून? जिराफाचंच बघा. स्वरयंत्राकडे जाणारी त्याची एक नस मेंदूकडून निघते, अख्खी मान उतरून छातीत जाते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. काही मीटरचा फुकटचा हेलपाटा! माशांसारख्या पूर्वजांत हा रस्ता जवळपास सरळ होता. मान लांबली तशी नसही लांबत गेली, कारण सगळं पुसून नव्याने लिहायची सोय नव्हती. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ‘वाचण्यासाठी जिवाणू औषधाला सरावतात’ असं आपण सर्रास म्हणतो. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या जोडप्याने एक सुंदर प्रयोग केला. एका बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहतींवर मखमल दाबायची आणि शिक्का मारावा तसा तोच ठसा अँटिबायोटिक घातलेल्या बशांवर उमटवायचा. प्रत्येक बशीत तगलेल्या वसाहती त्याच त्या जागी निघाल्या. म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू मूळ बशीत आधीपासूनच होते, औषधाचं तोंडही न बघता! औषधाने त्यांना काही शिकवलं नाही. बाकीच्यांना मारून रान मोकळं करून दिलं, इतकंच.

आणि हे रान मोकळं करणारे आपणच. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. तरी केमिस्टकडून स्ट्रिप आणून दोन-चार गोळ्या घेणारे घरोघरी आहेत. दोष मात्र ‘हुशार’ जिवाणूंना!

मग ‘साठी’वर बंदी घालायची का? मुळीच नाही. हृदय रक्त खेळवण्यासाठी असतं, हे म्हटल्याशिवाय डॉक्टरांचं पानही हलणार नाही. पण हृदय धडधडतंही. आवाज करण्यासाठी असतं असं मात्र कुणी म्हणत नाही. का? कारण पूर्वज टिकले ते रक्त खेळल्यामुळे, आवाजामुळे नव्हे. जीवशास्त्रातला ‘साठी’ पुढे नाही, मागे बघतो. हा फरक राहावा म्हणूनच पिटेंड्रिघ या जीवशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ‘टेलिओनॉमी’ हा वेगळा शब्द काढला.

निसर्गाला हेतू नाही म्हटलं की अनेकांना उदास वाटतं. मला नाही वाटत. पुढचं बघून आज हात आवरता येणं हे जिवाणूला जमत नाही, आपल्याला जमतं. निदान सर्दीच्या वेळी तरी ते वापरूया.