सुकाणूचें निदान

माधवाचा 'निदान' हा ग्रंथ रोग ओळखण्यासच वाहिलेला आहे. औषधें सांगण्याचें काम त्यानें इतरांवर सोडलें. आम्हीं आयुष्यभर शाळेंत भूमिति आणि संस्कृत शिकविलें. परंतु या दोहोंचा उपयोग मोटारीच्या चाकापाशीं बसून होईल, असें कधीं मनांत आलें नव्हतें. गेल्या उन्हाळ्यांत तोही योग आला.

आमचा भाचा इंग्लंडांत असतो. सुटे भाग विकत आणून घरीं मोटार जुळविण्याची हौस त्या देशांत जुनी आहे. १९५७ सालीं लोटस कंपनीनें 'सेव्हन' नांवाची लहानशी उघडी मोटार काढली. ती सुट्या भागांत घेतल्यास तयार मोटारीवरील खरेदी-कर वाचत असे. १९७३ सालीं करपद्धति बदलली व ती सवलत गेली. हौस मात्र राहिली. भाच्यानेंही त्याच घाटाची एक गाडी दोन हिवाळे खपून गॅरेजांत उभी केली होती.

आम्ही पोंचलों तेव्हां घरांत अबोला होता. एका खासगी आवारांत गाडी चालवून पाहतांना डावें चाक उंचवट्यावर चढलें कीं गाडी डावीकडे, उजवें चढलें कीं उजवीकडे झेपावे. शेजारीं बसलेल्या भाचेसुनेनें घरीं येऊन निक्षून सांगितलें, "मुलीला या गाडींत मी बसूं देणार नाहीं." मुलगी आठ वर्षांची, दोन हिवाळे तिनेंच बापाच्या हातीं पाने दिले होते. भाच्यानें विक्रेत्यास दोन रागाचीं पत्रें धाडलीं होतीं, आणि पुढल्या चाकांचीं तोंडें कधीं आंत, कधीं बाहेर वळवून पाहण्याचा सपाटा चालविला होता. अशा प्रत्येक गाडीस रस्त्यावर येण्यापूर्वीं तेथें सरकारी परीक्षा द्यावी लागते. ती तीन आठवड्यांवर आली होती.

आम्हीं म्हटलें, "बाबा, ही चिकित्सा झाली, निदान कोठें आहे?"

मग क्रमानें पाहिलें. टायरांतील हवा सारखी होती. चाक दोन्ही हातांनीं हलवून पाहिलें. सांध्यांत ढिलेपणा नव्हता. चाक ज्या आंसाभोंवतीं वळतें तो वरच्या बाजूस किंचित् मागें कललेला असावा लागतो. त्यास कॅस्टर म्हणतात, आणि त्याच्याच योगें हात सैल सोडतांच चाकें सरळ होतात. तोही ठीक होता. वळणावर आंतील चाक बाहेरच्याहून अधिक वळलें पाहिजे. म्युनिकच्या लांकेनस्पर्गर यांची ही युक्ति. तिचें पेटंट अकरमन यांनीं १८१८ सालीं लंडनांत घेतलें. दोन पुढल्या चाकांत १.२५ मीटर व पुढल्या-मागल्या आंसांत २.२५ मीटर अंतर असेल, तर आंतील चाक ३० अंश वळतांना बाहेरचें सुमारें २३½ अंशच वळावें. परंतु येथें चूक असती तर संथ वळणावर टायर घासले असते. सरळ वाटेवरच्या उंचवट्यानें गाडी झेपावली नसती.

उरली एकच शंका. चाक वरखालीं होतें तें वरच्या व खालच्या दोन दांड्यांच्या आधारानें. त्यास वळविणारा टाय-रॉड तिसरा. तिघांच्या टोकांनीं काढलेलीं वर्तुळखंडें एकमेकांशीं जुळलीं नाहींत, तर चाक नुसतें उचललें तरी वळतें. सुकाणूस हात लावलेला नसतो, तरी गाडी आपली वाट सोडते.

आम्हीं स्प्रिंगा काढविल्या, सुकाणू मध्यावर बांधविलें व जॅकनें एक चाक दहा-दहा मिलिमीटरनीं वरखालीं करविलें. गाडीस समांतर दोरी ताणून प्रत्येक पायरीस दोरीपासून रिमच्या पुढल्या व मागल्या कडेचें अंतर मुलीनें मोजलें, आणि आम्हीं तें चौकटीच्या कागदावर मांडलें. असा आलेख धनुष्यासारखा वांकडा आला, म्हणजे चाक वर जावो कीं खालीं, तोंड एकाच बाजूस वळलें, तर टाय-रॉडची लांबी चुकली असें समजावें. तिरपी सरळ रेघ आली, तर त्याच्या एखाद्या टोकाची उंची चुकली.

आमच्या कागदावर तिरपी सरळ रेघ आली. चाक ३० मिलिमीटर चढलें कीं तोंड दोन मिलिमीटरांहून अधिक बाहेर, तितकेंच उतरलें कीं तितकेंच आंत. या गाडींत टाय-रॉड आंसाच्या पुढें असल्यानें अर्थ एकच : ज्या दातेरी पट्टीस ते रॅक म्हणतात ती वाजवीपेक्षां उंच बसली होती.

भाचा बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, पाण्याची नळी आड येत होती, म्हणून रॅकखालीं मींच लोखंडी पट्टी घातली." ती काढून मोजली, ९ मिलिमीटर भरली. विक्रेत्याचे भाग निर्दोष होते.

नळी दुसऱ्या वाटेनें नेली, रॅक मूळ जागीं बसविली. पुन्हां मोजलें तेव्हां तोच फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आंत आला. त्यानंतरच, चालकाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या आसनावर ठेवून, चाकांचीं तोंडें नीट केलीं. हें काम सर्वांत शेवटचें. भाच्यानें तें आरंभीं केलें, म्हणून सारा घोटाळा.

त्या रात्रीं त्यानें विक्रेत्यास तिसरें पत्र लिहिलें, क्षमेचें. तें त्यानें आम्हांस वाचावयास दिलें. एका शब्दाचीही दुरुस्ति करावी लागली नाहीं. शाळेंत आम्हीं शेंकडों मुलांचीं उत्तरें तपासलीं. चुकलेली पायरी स्वतः शोधून तीखालीं आपलें नांव घालणारीं थोडींच आढळलीं.

परीक्षा पार पडली. पहिल्या फेरीस शेजारच्या आसनावर कोण बसलें, हें वाचकांस सांगावयास नकोच. भाचेसून दारांत उभी राहून गाडी वळणाआड होईपर्यंत पाहत होती. ती कांहीं बोलली नाहीं. फक्त आंत जाऊन तिनें चहा टाकला.