मृगाच्या आत मेल नीट करा, नाहीतर दुसरा माणूस बघा

खडकवासला, किरकटवाडी, नांदोशी, नांदेड, धायरी आणि नऱ्हे या पट्ट्यातल्या ज्या सोसायट्या, वर्कशॉप, क्लासेस, मंगल कार्यालये आणि पानशेत रस्त्यावरची हॉटेले आपला ईमेल माझ्यावर सोपवून निर्धास्त झोपतात, त्यांच्यासाठी हे जाहीर पत्र आहे. विनंती करून झाली. आठवण करून झाली. चेअरमनांच्या घरी चहा पिऊन समजावून झाले. आता इशारा.

'मेल बंद पडलाय' असा फोन येतो तेव्हा पुढचे वाक्य ठरलेले असते : 'काल तर चालत होता.' काल चालत होता यात तुमची काही करामत नाही. आज बंद पडण्याची तयारी तुमच्याकडे कित्येक महिने चालू होती. रिन्यूअलची तारीख कुणाच्या डोक्यात नाही, मेलबॉक्स गळ्यापर्यंत भरलाय, पासवर्ड ज्यांच्याकडे आहे ते माजी सेक्रेटरी फ्लॅट विकून बाणेरला गेलेत. आपल्याकडे पाऊस आहे, महावितरण आहे, केबलवाला आहे. खापर फोडायला डोकी भरपूर. पण मी जे बिघाड निस्तरले त्यातले बहुतेक या तिघांपैकी कुणीच केलेले नव्हते.

डोमेनपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठा बेजबाबदारपणा तिथेच आहे. तुमच्या संस्थेच्या पत्त्यात 'ॲट'च्या पुढे जे नाव येते ते कायमचे विकत घेतलेले नसते. ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून नोंदवलेले असते. पैसे थकले की नाव थांबते आणि त्यावरचा मेलही थांबतो. डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रार फार तर ४५ दिवस वाट पाहतो, त्यानंतरचे ३० दिवस दंड घेऊन नाव परत देतो, आणखी ५ दिवसांनी ते सर्वांना खुले होते. कुणीही घ्यावे. ज्याने घेतले त्याच्याकडे मग तुमची पत्रे जायला लागतात : बँकेची, विमा कंपनीची, 'पासवर्ड विसरलात का' विचारणारी. आणि रिन्यूअलची आठवण करून देणारा मेल कुठे येतो? त्याच डोमेनवरच्या एका पत्त्यावर, जो कुणी उघडत नाही आणि मुदत संपली की तोही बंद. नाहीतर ज्या पोराने कधीकाळी वेबसाइट बनवून दिली त्याच्या खासगी पत्त्यावर, आणि तो पोरगा आता कॅनडात. डोमेनची नोंदही बहुधा त्याच्याच नावावर असते. म्हणजे संस्था तुमची, लेटरहेड तुमचे, शिक्का तुमचा आणि मालक तो.

हे फक्त छोट्यांचेच होते असे समजू नका. १९९९ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्ट हॉटमेलच्या लॉगिनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलवाल्यांना आपल्याच मेलमध्ये शिरता येईना. (हॉटमेलचे एक संस्थापक सबीर भाटिया आपल्या कॅम्पातल्या बिशप्स शाळेत शिकलेले, म्हणून हा किस्सा पुण्यात सांगायला बरा वाटतो.) शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका परक्या प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. २४ सप्टेंबर २०१८ ला झोहोचे मुख्य डोमेन रजिस्ट्रारने फिशिंगच्या तक्रारींवरून थांबवले. सर्व्हर ठणठणीत, पण जगभरच्या ग्राहकांना ते सापडेनात. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख श्रीधर वेंबू यांना ट्विटरवर मदत मागण्याची वेळ आली. मायक्रोसॉफ्टला चेनी भेटला. तुम्हाला भेटणार नाही.

सर्व्हर बंद पडणे ही त्यामानाने किरकोळ गोष्ट आहे, हे कुणी ऐकूनच घेत नाही. समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही असे दिसले की पाठवणारा सर्व्हर पत्र टाकून देत नाही. रांगेत ठेवतो, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या नियमांत हा प्रयत्न चार-पाच दिवस करावा असे सांगितले आहे. काही कंपन्या त्याआधीच कंटाळतात, पण दुपारी पडलेला सर्व्हर रात्री उठला तर सहसा एकही पत्र हरवत नाही, उशिरा येते इतकेच. डोमेन मेले किंवा त्याची डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या यादीतली, नोंद कुणी पुसली, तर मात्र पत्र पहिल्याच फटक्याला परत जाते. परत गेल्याचे तुम्हाला कळतही नाही, कळते ते पाठवणाऱ्याला. तो समजतो, ही मंडळी धंदा गुंडाळून गेली. पत्रे उशिरा आली म्हणून रात्री अकराला फोन करणारे लोक डोमेनबद्दल वर्षानुवर्षे गप्प राहतात, माझा संताप होतो तो यावर.

फोन करण्याआधी काय पाहायचे ते आता शेवटचे सांगतो. मेल एकट्याचा बंद आहे की सगळ्यांचा? एकट्याचा असेल तर दोष त्याच्या मोबाईलमध्ये किंवा बदललेल्या पासवर्डात शोधा, सर्व्हरला शिव्या घालू नका. सगळ्यांचा असेल तर वाय-फाय बंद करून मोबाईलच्या डेटावर मेल उघडा. उघडला? मग मेल ठीक आहे, नेट गेलंय. केबलवाल्याला फोन करा, मला नाही. नाही उघडला, तर पत्रे येत नाहीत, जात नाहीत, की दोन्ही, एवढे तरी पाहून ठेवा. आणि परत आलेला मेल वाचा. इंग्रजी आहे म्हणून डिलीट करू नका. त्यात एक तीन आकडी नंबर असतो. तो चारपासून सुरू होत असेल तर अर्थ असा, की आत्ता जमले नाही, पुन्हा प्रयत्न होईल. पाचपासून सुरू होत असेल तर नाही म्हणजे नाही. त्या मजकुराचा स्क्रीनशॉट पाठवलात तर निम्मे काम तिथेच होते. 'मेल चालत नाही, लवकर बघा' एवढाच निरोप पाठवलात तर कळायला मी ज्योतिषी नाही.

पुष्कळदा त्या परत आलेल्या मेलमध्ये मेलबॉक्स भरल्याचेच लिहिलेले असते. जीमेलच्या फुकट अकाउंटला १५ जीबी जागा मिळते, आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. सोसायटीच्या गणपतीचे आणि कोजागरीचे व्हिडिओ त्याच अकाउंटवर चढवले की मेलला जागा उरत नाही, नवीन पत्रे यायची थांबतात. व्हिडिओ काढा म्हटले की सांस्कृतिक समिती रुसते. रुसू दे.

काही गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. मोबाईल किंवा कॉम्प्युटरवरून अकाउंट काढून पुन्हा टाकायचे नाही. जुन्या पद्धतीने, पॉपवर लावलेले अकाउंट असेल तर कैक वर्षांची पत्रे फक्त त्या एका कॉम्प्युटरवर असतात, आणि अकाउंटबरोबर तीही जाऊ शकतात. घाईघाईने डीएनएसमधल्या नोंदी बदलायच्या नाहीत. चुकीची नोंद जगभरच्या सर्व्हरांच्या आठवणीत तासन्‌तास राहते. १४ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुगलची सेवा जगभर सुमारे पाऊण तास बंद होती. बिघाड त्यांच्या लॉगिनच्या यंत्रणेत होता. त्या पाऊण तासात आपल्याकडे करण्याजोगे एकच काम होते : काहीही न करणे. आधी कंपनीच्या स्टेटस पानावर पाहा, मग हात लावा.

ज्या दोन-तीन वर्कशॉपवाल्यांनी हौसेने स्वतःचा एक्स्चेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर ठेवलाय त्यांनी १ जानेवारी २०२२ आठवावा. त्या दिवसाच्या तारखेपासून बनलेला आकडा मायक्रोसॉफ्टच्या मालवेअर तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मावला नाही आणि जगभरच्या अशा सर्व्हरांवर मेल रांगेत अडकून बसला. स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तर वर्षाच्या पहिल्या दिवशीही त्याच्यापाशी बसणारा माणूस ठेवा. परवडत नसेल तर हौस सोडा.

मेंटेनन्सची बिले सभासदांच्या स्पॅममध्ये जातात ही तक्रारही यापुढे माझ्याकडे आणू नये. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले आहेत : पाठवणारा खरोखर त्याच डोमेनचा आहे हे सांगणाऱ्या एसपीएफ किंवा डीकेआयएमच्या नोंदी लागतात, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला त्या दोन्ही आणि वर डीमार्क ही तिसरी नोंद. नोंदी घालायला डोमेनचा पासवर्ड लागतो. तो तुम्ही देत नाही, कारण तो तुमच्याकडे नाही.

निरोप न पोहोचणे म्हणजे काय, हे खरे तर या पट्ट्याला सांगावे लागू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातले दगडी धरणही फुटले आणि खालचे पुणे पाण्यात गेले. ते पाहिलेले लोक आता थोडे उरलेत, म्हणून अलीकडचे सांगतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना पाणी शिरले. आम्हाला वेळेत कुणी कळवले नाही, असे रहिवासी म्हणाले. कळवले कुणी आणि कुणाला, यावर जलसंपदा विभाग आणि महापालिका यांचे एकमेकांकडे बोट दाखवणे नंतर चालूच राहिले.

धरणाचा इशारा मेलवर येत नाही, येऊही नये. त्याला भोंगा आणि दारावरची थापच हवी. पण पाणी ओसरल्यावर जे सुरू होते ते बरेचसे मेलवर चालते : बुडालेल्या गाड्यांच्या विम्याचे दावे, नुकसानीची छायाचित्रे, लिफ्टवाल्यांशी आणि जनरेटरवाल्यांशी पत्रव्यवहार. दावा कधी कळवला याचा तारीख-वेळेसह इतका सरळ पुरावा दुसरा नाही. नेमक्या त्याच आठवड्यात डोमेनची मुदत संपलेली निघाली तर काय कराल? 'व्हॉट्सॲप आहे की,' असे कुणीतरी म्हणेलच. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री ते सहा तासांच्या आसपास बंद होते. शिवाय सोसायटीचा राउटर आणि बॅटरी तुम्ही ठेवलीय कुठे? पार्किंगमध्ये, वॉचमनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून हातभर उंचीवर. नदीकाठच्या इमारतीत.

त्यात भर म्हणजे स्वारगेटहून खडकवासल्याला येणाऱ्या मेट्रोला मंजुरी मिळालेली आहे. रस्ता खणला जाईल, केबल तुटेल, आणि ती कुणाची याचा दोन दिवस वाद होईल. म्हणून एक लाइन केबलची असेल तर दुसरी सोय मोबाईल नेटवर्कवरची ठेवा. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन कंपन्यांच्या केबली म्हणजे दोन लाइन नव्हेत.

आता अटी. डोमेन संस्थेच्या नावावर करून घ्या आणि एकदम पाच वर्षांचे पैसे भरा; लग्नाच्या हॉलला जेवढी अनामत घेता त्याहून ते कमीच असतील. रिन्यूअलच्या नोटिसा त्या डोमेनबाहेरच्या दोन पत्त्यांवर आणि दोन चालू मोबाईल नंबरांवर याव्यात. ॲडमिन एक नको, दोन हवेत, आणि त्यातले एक सध्याच्या कमिटीतले. समिती बदलली की पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा, मिनिट्समध्ये नोंद करायची. अकाउंट परत मिळवण्याचे कोड कागदावर छापून संस्थेच्या कपाटात. मेलची नक्कल वेगळ्या जागी. राउटरला यूपीएस, आणि दोन्ही पहिल्या मजल्यावर.

यातले सगळे एका शनिवार-रविवारात होते. अवघड आहे ते कॅनडातल्या पोराला फोन करणे आणि माजी सेक्रेटरींशी धरलेला अबोला सोडणे. ते काम माझे नाही.

मुदत ३१ मेच्या संध्याकाळी सहापर्यंत. मृग लागायला त्यानंतर जेमतेम आठवडा उरतो, आणि भर पावसात तुमच्या पार्किंगमध्ये उभा राहून कुणाचा ओटीपी कुणाच्या फोनवर जातो हे मी यंदा शोधणार नाही. ज्यांची कामे पूर्ण असतील त्यांचा फोन मी रात्री दोनलाही उचलेन. ज्यांची नसतील त्यांचे माझ्याकडचे सर्व पासवर्ड १ जूनला बंद पाकिटात घालून, लेखी पोच घेऊन, चेअरमनांच्या हातात देईन. त्यानंतर मेल बंद पडला तर तो तुम्ही बंद पाडला असे धरले जाईल.