कारिटाची किंमत कोण देणार?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून आपण तुळशीपाशी कारीट फोडतो. ते कडू फळ पायाच्या अंगठ्याखाली चिरडले, की नरकासुर मेला आणि आपण फराळाला मोकळे झालो! ते फळ आले कुठून, हे विचारण्याची आपल्याला कधी गरज वाटत नाही. मला वाटली, ती माझ्या घासाघिशीच्या सवयीमुळे.

गेल्या दिवाळीत बोरिवली स्टेशनाबाहेर एक वारली बाई टोपलीत कारिटे घेऊन बसली होती. डहाणूकडच्या गाडीने पहाटेच आली होती. मी म्हटले, "बाई, रानातले फुकटचे फळ आणि एवढा भाव?" ती शांतपणे म्हणाली, "फुकट कुठलं, भाऊ? बांध होते तिथं इमारती झाल्या. चार कारिटांपायी दिवस जातो." मी मुकाट्याने पैसे मोजले. पण 'फुकट' हा माझा शब्द माझ्याच मागे घरापर्यंत आला. कारण हाच शब्द श्रीमंत राष्ट्रे आपल्याविषयी उच्चारीत, तेव्हा आपला किती संताप होत असे!

हळदीची कथा आठवा. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले. आपल्या आजीबाईच्या बटव्यातले औषध परक्यांच्या कपाटात गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे मांडून ते आव्हानले आणि १९९७ साली ते रद्द झाले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. तरी एक तपशील आपण सहसा सांगत नाही. पेटंटासाठी अर्ज करणारे संशोधक भारतीय वंशाचेच होते.

आणि आपल्या कारिटाचे म्हणाल, तर ते खरबुजाचे रानटी भावंड. १९२५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या खरबुजांवर भुरी रोग पडला, मळेच्या मळे धोक्यात आले. त्यांना वाचवणारा रोगप्रतिकारक गुण सापडला तो भारतातून नेलेल्या खरबुजाच्या बियांत. त्यातून १९३० नंतरच्या दशकात तिथे नवा वाण तयार झाला. ज्या शेतकऱ्याच्या शेतातले ते बी, त्याला कोणी काय दिले? त्या काळी बी म्हणजे साऱ्या मानवजातीचा ठेवा, अर्थात फुकट!

हा अन्याय थांबावा म्हणून १९९२ साली जैवविविधतेचा करार झाला. ज्या देशाची वनसंपत्ती, त्या देशाचा तिच्यावर हक्क आणि वापरणाऱ्याने लाभात वाटा द्यावा, हे त्याचे सूत्र. २००२ साली मेक्सिकोतील कानकुन येथे भारत, ब्राझील, चीन, केनिया, इंडोनेशिया, पेरू अशी बारा जैवसंपन्न राष्ट्रे एकत्र आली. त्यांनी लावून धरलेल्या मागणीतूनच २०१० चा नागोया मसुदा आकाराला आला. गरिबांनी एकजूट केली, तर श्रीमंतांना ऐकावे लागते, हे सिद्ध झाले. इथवर सारे ठीक!

माझे भांडण आहे ते आपल्याच माणसांशी. त्यांतला पहिला वर्ग म्हणतो, "आमचे बियाणे कुलपात ठेवा. कोणाला देऊ नका." या गृहस्थांनी आपले फराळाचे ताट एकदा निरखून पाहावे. चिवड्यातले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले, मिरची मेक्सिकोकडची, काजू ब्राझीलचे. ती राष्ट्रे कुलपे लावून बसली असती, तर आपल्या वाट्याला कोरडे पोहे आले असते! आणि हा विनोद नव्हे. २००१ साली पिकांच्या वाणांची देवघेव सुलभ करणारा जागतिक करार झाला, तेव्हा ६४ पिकांच्या यादीत भुईमूग नव्हता आणि सोयाबीनही नव्हते. विकसनशील राष्ट्रांनी आपापल्या पिकावर हात ठेवला आणि त्यात नुकसान एकमेकांचेच झाले.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. ऋषिपंचमीला आपण जो देवभात शोधत फिरतो, त्याच्या जातकुळीतला नीवार. कालिदासाच्या शाकुंतलात आश्रमातल्या झाडांखाली त्याचे दाणे सांडलेले आहेत. १९७० नंतरच्या दशकात फिलिपाइन्स, इंडोनेशिया इथल्या भातावर विषाणूचा रोग आला. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. गुण मिळाला तो उत्तर प्रदेशातून आलेल्या नीवारात. त्यातून निघालेला आय. आर. ३६ हा वाण आशियात लाखो हेक्टरांवर पिकला. आपल्याकडचे तण शेजाऱ्याची भाकरी झाले. सहकार्य म्हणतात ते याला.

दुसरा वर्ग अधिक हुशार. तो जगाच्या व्यासपीठावर वाटा मागतो आणि घरात देत नाही. आपला जैवविविधता कायदा २००२ चा. देशी कंपन्यांनीही वनस्पती वापरल्यास लाभाचा वाटा द्यावा, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली ठणकावले. त्यावर २०२३ साली कायदाच बदलला. ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि आयुष वैद्यकांना लाभवाटणीतून सूट मिळाली. कैदेची शिक्षा जाऊन दंड आला. ज्ञान ग्रंथात आहे, मग ते फुकट! पण ग्रंथात ते आले कोठून? खुद्द चरकसंहिता सांगते की वनस्पतींची नावे आणि रूपे ठाऊक असतात ती मेंढपाळांना, गुराख्यांना, वनात राहणाऱ्यांना. चरकाला हे कबूल करण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला वाटतो. परक्याला 'चोर' म्हणणाऱ्या राष्ट्राने आपल्या पाड्यांशी तसेच वागावे, आणि वर पेरू-केनियाने आपल्यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

तिसरा वर्ग आपण सारे, उपनगरांतले सुशिक्षित. कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही हवी. वर्षानुवर्षे कोणी लक्ष दिले नाही. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना दरमहा दहा लाख रुपयांच्या दंडाचा धाक घातला, तेव्हा घाईने वह्या भरल्या गेल्या. आपल्या वॉर्डाची वही तुम्ही पाहिली आहे? मी मुलांना निबंध देतो, 'आमचे राष्ट्रीय उद्यान'. चाळीस वह्यांत बिबट्या असतो. कारवीच्या काठ्यांनी भिंत विणणाऱ्या आजीचे नाव एकाही वहीत नसते. आठ वर्षांनी, २०२४ साली, कारवी फुलली तेव्हा आपण फोटो काढले आणि परतलो.

कोणी म्हणेल, मास्तर, एका टोपलीवरून राष्ट्रांचा हिशेब मांडता? होय, मांडतो. राष्ट्राची नियत वाटाघाटीच्या टेबलावर बनत नाही, ती बाजारात बनते. वॉर्डाची वही मागा, त्यात पाड्यावरच्या जाणत्यांची नावे त्यांना विचारून घाला आणि सवलतीच्या कायद्याबद्दल आपल्या खासदाराला जाब विचारा. आणि यंदा कारीट घ्याल, तेव्हा घासाघीस करू नका. त्या बाईला एवढे विचारा, की बाई, हे कुठल्या बांधावरचे? मी यंदा विचारणार आहे. गेल्या वर्षी विचारायला हवे होते.