सश्रम कारावासाचा हिशेब

सात रस्त्याहून चिंचपोकळीकडे जाताना जी उंच भिंत लागते, ती मुंबई मध्यवर्ती कारागृहाची. लोक त्यास अजून आर्थर रोड तुरुंगच म्हणतात. रस्त्याचे नाव मात्र साने गुरुजी मार्ग असे झाले आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या गुरुजींचे नाव नेमके याच रस्त्यास मिळावे, हा योगायोग विलक्षण खरा.

या भिंतीआड कैदी खडी फोडत असतील, ही समजूत चित्रपटांनी करून दिली आहे. येथील बहुसंख्य बंदी न्यायाधीन आहेत. त्यांच्यावर आरोप आहे, तो सिद्ध झालेला नाही; म्हणून कायदा त्यांच्यावर श्रमाची सक्ती करीत नाही. शिक्षा झालेल्यांची रवानगी सहसा येरवडा, नाशिक अशा मोठ्या कारागृहांत होते. तेथे सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी असे कारखाने चालतात आणि सक्तमजुरीचा खरा हिशेब तेथेच सुरू होतो.

२०२३ साली महाराष्ट्राने मजुरीचे दर वाढविले. कुशल कैद्यास दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलास ६७, अकुशलास ५३. पेढीवरचा दिवसाचा चहापाण्याचा खर्च पुष्कळदा याहून अधिक असतो. शेजारच्या कर्नाटकाने हेच दर पाचशेच्या पुढे नेले आहेत.

मुंबईच्या फोर्ट भागात मुख्य कार्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवड्यातील कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. तारण नाही, जामीनदार नाही. कैद्याच्या मजुरीच्या भरवशावर ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के. मुलांची फी, घरातील आजारपण, वकिलाचा खर्च अशा गरजांसाठी हे पैसे. कल्पना स्तुत्य आहे. परंतु पाटी-पेन्सिल घेऊन बसावे: ५० हजारांचे मुद्दलच ७४ रुपये रोजाने फेडायचे, तर ६७६ दिवसांची संपूर्ण कमाई लागते. व्याज निराळे, आणि मधल्या काळात साबण-तेलासही पैसा उरत नाही. बँकेने माणसाच्या श्रमावर विश्वास ठेवला. सरकारने त्या श्रमाचे मोल वाढविल्याशिवाय तो विश्वास पुरा पडणार नाही.

‘ज्याने चोरी केली, त्याला वर पगार कशाला?’ हा प्रश्न बाजारपेठेत हमखास निघतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्याच्या गल्ल्यावर डल्ला पडला, त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात याचाच विचार केला. सक्तमजुरी घटनेशी विसंगत नाही, मात्र कामाचा न्याय्य मोबदला दिलाच पाहिजे; अन्न-वस्त्राचा खर्च त्यातून वजा करता येईल; आणि मिळकतीचा काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांना देण्याची तरतूद राज्यांनी कायद्याने करावी, असे न्यायालयाने म्हटले. व्यापाऱ्याने शेवटचा मुद्दा नीट पाहावा. ७४ रुपयांतून अन्न-वस्त्राचा खर्च काढला, तर नुकसान सोसलेल्याच्या हाती काय येणार? कैद्याची मजुरी वाढण्यात फिर्यादीचेही हित आहे. पण फिर्यादीच्या बाजूने ही मागणी होताना क्वचितच दिसते.

मजुरीइतकाच कामाच्या वाटपाचा प्रश्न. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अमुक जातीच्या कैद्याने झाडू मारावा, तमुकाने स्वयंपाक करावा, असे अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत लिहिलेले होते. ते घटनाबाह्य ठरले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे हे नियम छापील स्वरूपात टिकून होते, हे वाचून लाज वाटावी.

आता पुन्हा साने गुरुजी मार्गावरील न्यायाधीन बंद्यांकडे वळावे. देशातील दर चार कैद्यांत सुमारे तिघे असे आहेत. त्यांना सक्तीचे काम नाही, म्हणून मजुरीही नाही. वर्षानुवर्षे रिकामे बसायचे आणि घर तेवढा काळ मिळवत्या हातावाचून चालवायचे. पुढे निर्दोष सुटला, तरी बुडालेल्या रोजगाराची भरपाई कोणत्याही खात्यात आपोआप जमा होत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने थोडी वाट मोकळी केली आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि इतर खटले प्रलंबित नसतील तर. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. तीत आरंभी ४० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकत होते. प्रकरण जिल्हा पातळीवरील समितीपुढे जाते. मात्र त्यासाठी कागद कोणीतरी जमवावे लागतात. आतल्या माणसाला ते मिळत नाहीत, आणि बाहेर त्याच्या घरी कित्येकदा ते वाचणारेही कोणी नसते.